चाळीस हजारांची रेघ आणि आमचा गॅसचा बॉयलर

जर्मनीत श्टुटगार्टच्या दक्षिणेला एका लहानशा गावात आमचे घर आहे. ते १९७८ साली बांधलेले आहे आणि त्याचे क्षेत्रफळ १२८ चौरस मीटर आहे. तळघरातला गॅसचा बॉयलर २००१ साली आधीच्या मालकांनी बसवला होता. साताऱ्याला माहेरी आम्ही सकाळी तांब्याचा बंब पेटवत असू आणि आंघोळी उरकल्या की तो विझत असे. इथे मात्र ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घरातली आग विझू द्यायची सोय नसते. वर्षाला सुमारे २१,००० युनिट (किलोवॅट-तास) गॅस आम्ही जाळत होतो. त्यातच गॅस जाळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा सरकारी आकार २०२१ साली टनामागे २५ युरो होता, तो २०२४ मध्ये ४५ आणि २०२५ मध्ये ५५ युरो झाला. हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राचा, विचार आम्ही करू लागलो तो अशा स्थितीत. खर्च ऐकून आम्ही दोन वेळा मागे फिरलो होतो, आणि शेवटी जे जमले ते उत्पन्नावर आधारलेल्या अनुदानामुळे जमले. ते मिळवताना जे कळले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडची अनेक कुटुंबे केवळ चुकीचा आकडा पाहून या योजनेतून स्वतःला आधीच वगळतात. आम्हीही तेच करणार होतो.

योजना केंद्र सरकारची आहे आणि तिचे काम के.एफ.डब्ल्यू. ही सरकारी विकास बँक पाहते. एकाच कुटुंबासाठी असलेल्या घराच्या मालकांना २७ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे अर्ज करता येऊ लागला. या योजनेला सगळे जण तिच्या क्रमांकाने, ‘४५८’ म्हणूनच ओळखतात. घर गरम करण्याची नवी, अक्षय ऊर्जेवर चालणारी व्यवस्था बसवणाऱ्या प्रत्येकाला मान्य खर्चाच्या ३० टक्के मूळ अनुदान मिळते. मालक स्वतः त्या घरात राहत असेल आणि चालू स्थितीतली जुनी व्यवस्था काढून टाकत असेल, तर आणखी २० टक्के मिळतात. तेलाच्या बॉयलरला यासाठी वयाची अट नाही, पण आमच्यासारखा गॅसचा नेहमीचा बॉयलर असेल तर तो किमान २० वर्षांचा असावा लागतो. पंपात प्रोपेनसारखा नैसर्गिक शीतक वायू असेल तर ५ टक्के वाढतात. आणि घरात राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबाचे वार्षिक करपात्र उत्पन्न ४०,००० युरोंपर्यंत असेल तर आणखी ३० टक्के मिळतात; यालाच उत्पन्नाचा बोनस म्हणतात. या सगळ्याची बेरीज कितीही झाली तरी ७० टक्क्यांच्या वर काही मिळत नाही, आणि एका घरासाठी ३०,००० युरोंपर्यंतचाच खर्च हिशेबात धरला जातो. म्हणजे जास्तीत जास्त रक्कम होते २१,००० युरो.

२०२४ च्या उन्हाळ्यात पहिल्या ठेकेदाराचा माणूस घर पाहायला आला. त्याने तळघर पाहिले, खोल्या तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर मोजले, आणि निघताना ह्यांना विचारले की आपण काय काम करता. हे एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढतात हे ऐकल्यावर तो म्हणाला, मग उत्पन्नाचा बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो सोडून द्या. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. चाळीस हजार म्हणजे पगार, असे त्याच्या डोक्यात बसले होते, आणि खरे सांगायचे तर आमच्याही. ह्यांच्या कारखान्यात २०२२ च्या मध्यापासून कामाचे तास कमी झाले होते, मी बालवाडीत अर्धवेळ काम करते, आणि तरीही दोघांचा मिळून एकूण पगार २०२२ साली ५५,६०० आणि २०२३ साली ४६,८०० युरो होता. या आकड्यांकडे पाहून प्रश्नच मिटला होता.

तो पुन्हा उघडला आमच्या घरातल्या कागदांच्या फायलींमुळे. या फायली मी सांभाळते. दर वर्षी प्राप्तिकर कार्यालयाकडून करनिर्धारणाचे जे पत्र येते, त्यात पगाराच्या आकड्यापासून सुरुवात होऊन एकेक वजावट होत शेवटी एक ओळ येते: ‘त्सु फेरश्टॉयरन्डेस आइनकोमेन’, म्हणजे करपात्र उत्पन्न. बँक पाहते ती हीच ओळ. पेन्शन आणि आरोग्यविम्याचे हप्ते, आणि कामावर जाण्यायेण्यासारखा खर्च किंवा त्याऐवजी नोकरदारांची ठरावीक वजावट, हे सगळे त्याआधी वजा झालेले असते. २०२२ च्या पत्रात आमचा हा आकडा ४३,२४० होता. २०२३ चे विवरण आम्ही ऑगस्टमध्ये भरले होते. त्याचे पत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले आणि त्यात आकडा होता ३५,६१०.

दुसरी गोष्ट नियम नीट वाचल्यावर कळली. उत्पन्न चालू वर्षाचे धरत नाहीत आणि गेल्या वर्षाचेही नाही. अर्ज ज्या वर्षी करायचा, त्याच्या आधीचे दुसरे आणि तिसरे वर्ष घेऊन त्या दोन्हींची सरासरी काढतात. म्हणजे २०२४ मध्ये अर्ज केला असता तर २०२१ आणि २०२२ ही वर्षे लागली असती. २०२१ मध्ये ह्यांचे काम पूर्णवेळ होते आणि करपात्र उत्पन्न ४८,९०० होते. सरासरी ४६,०७० आली असती आणि बोनस मिळाला नसता. तोच अर्ज नवे वर्ष लागल्यावर केला तर २०२२ आणि २०२३ धरले जाणार होते, आणि त्यांची सरासरी येत होती ३९,४२५. रेषेच्या आत आम्ही ५७५ युरोंनी होतो. मी ती बेरीज तीन वेळा केली आणि मग ह्यांना हाक मारली.

आता प्रश्न उरला तो थांबायचे की नाही याचा, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता. बॉयलर तेवीस वर्षांचा होता. त्याने मध्येच मान टाकली असती तर ‘चालू स्थितीतली जुनी व्यवस्था’ ही अट मोडली असती आणि खात्रीचे २० टक्के गेले असते. ६ नोव्हेंबर २०२४ ला बर्लिनमधले आघाडी सरकार कोसळले. नव्या वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर नव्हता, फेब्रुवारीत निवडणुका लागल्या, आणि ही योजना जानेवारीत चालू राहील की नाही अशी कुजबुज सगळीकडे सुरू झाली. हे म्हणाले, “अगं, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस. आत्ता जे मिळते आहे ते घेऊन टाकू.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मी म्हटले, “अहो, आधी फरक किती पडतो ते तर पाहू.”

हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी अनेकांच्या नजरेतून सुटते. बोनस ३० टक्क्यांचा असला तरी आम्हाला त्याचा फायदा ३० टक्क्यांचा होणार नव्हता. उत्पन्नाच्या बोनसशिवाय आमची बेरीज ३०, २० आणि ५ मिळून ५५ टक्के होती, म्हणजे १६,५०० युरो. तो धरल्यावर ती ८५ होत होती, पण ७० ला अडत होती, म्हणजे २१,००० युरो. फरक ४,५०० युरोंचा होता. आमच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. पण ती ९,००० आहे असे समजून घेतलेला निर्णय आणि ती ४,५०० आहे हे माहीत असताना घेतलेला निर्णय यांत फरक आहे. आम्ही थांबायचे ठरवले, पण एक अट घालून: बॉयलरने थोडीही कुरकुर केली तर त्याच दिवशी, जे मिळेल त्यावर समाधान मानून, अर्ज करायचा. म्हणून बाकीची सगळी तयारी आम्ही नोव्हेंबरमध्येच पूर्ण केली.

या तयारीत सर्वांत मोलाचा कागद निघाला तो धुराडी तपासणाऱ्या अधिकृत कारागिराचा. जर्मनीत शोर्नश्टाइनफेगर म्हणजे धुराडी साफ करणारा हा आजही कायद्याने नेमलेला तपासनीस आहे, आणि घरातल्या प्रत्येक बॉयलरची नोंद त्याच्या पत्रात असते. बॉयलरवरची पत्र्याची पट्टी गंजून पुसट झाली होती, पण त्याच्या पत्रात २००१ हे साल स्पष्ट छापलेले होते. बॉयलर वीस वर्षांहून जुना आहे हे आम्ही त्यावरून दाखवू शकलो.

पहिल्या ठेकेदाराचे कोटेशन तोवर आले होते, ४१,००० युरोंचे. सोबतच्या करारावर लगेच सही करावी, अनुदानाचा अर्ज नंतर सावकाश करता येईल, असे त्यांनी सुचवले होते. हे ऐकून मी सही केली असती तर सगळेच गेले असते. नियम असा आहे की अर्ज करण्यापूर्वी ठेकेदाराशी करार झालेला हवा, पण अनुदान मंजूर झाले तरच हा करार लागू होईल, किंवा नामंजूर झाल्यास तो रद्द होईल, असे कलम त्या करारातच लिहिलेले हवे. कामाची अपेक्षित तारीखही त्यात नमूद असावी लागते. असे कलम नसलेल्या करारावर सही करणे म्हणजे काम सुरू केल्यासारखेच मानले जाते, आणि सुरू झालेल्या कामाला अनुदान नाही. मी ते कलम घालून मागितले. त्यांनी आमचा नेहमीचा मसुदा असाच असतो असे उत्तर दिले. आम्ही तो विषय तिथेच थांबवला.

दुसरा ठेकेदार शेजारच्या गावातला, बापलेकांचे लहान दुकान असलेला. मुलगी सगळे हिशेब करते. तिने प्रत्येक खोलीची उष्णतेची गरज स्वतंत्रपणे काढली. ही खोलीनिहाय मोजणी आणि प्रत्येक रेडिएटरला नेमके किती पाणी जावे हे जुळवणे अनुदानासाठी लागतेच, पण तिने ते उपचार म्हणून केले नाही. तिने आम्हाला एक साधा प्रयोग सांगितला: डिसेंबरच्या थंडीत जुन्याच बॉयलरचे पाणी ५२ अंशांवर आणून ठेवा आणि कोणती खोली गार पडते ते लिहून काढा. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो आणि विजेच्या एका युनिटात तीन किंवा त्याहून जास्त युनिट उष्णता देतो, पण रेडिएटरमधले पाणी जितके जास्त तापवायला लावावे तितके हे प्रमाण घसरते. आठ दिवस आम्ही वही ठेवली. न्हाणीघर, उत्तरेकडची खोली आणि जिन्याजवळचा कोपरा एवढेच गार पडले. तिथले तीन रेडिएटर मोठे बसवायचे ठरले. तो खर्चही अनुदानाच्या हिशेबात धरला जातो. जाड भिंती आणि फरशीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या नसलेल्या घरात हीट पंप चालतच नाही, ही समजूत आमच्या परिचितांत फार घट्ट आहे. तिला आमच्यापुरते उत्तर त्या वहीत मिळाले.

त्यांचे कोटेशन ३६,४०० युरोंचे होते. त्यात प्रोपेनवर चालणारा पंप, गरम पाण्याची टाकी, तीन रेडिएटर, विजेच्या मीटरची नवी पेटी आणि जुना बॉयलर काढून नेणे हे सगळे आले. बाहेरचे युनिट कुठे ठेवायचे यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघराच्या खिडकीच्या खड्ड्याजवळ युनिट चालत नाही, आणि आमच्यासारख्या सर्वसाधारण निवासी भागात रात्री शेजाऱ्याच्या खिडकीशी आवाज ४० डेसिबलच्या वर जाऊन चालत नाही. शेवटी ते बागेकडच्या कोपऱ्यात गेले.

जानेवारी उजाडला, योजना चालू राहिली आणि बॉयलरही. कलम घातलेल्या करारावर आम्ही ७ जानेवारी २०२५ ला सही केली. ठेकेदाराने त्यांच्या बाजूने बँकेच्या पोर्टलवर तांत्रिक माहिती भरून ‘अर्जासाठीची पुष्टी’ तयार केली. तिला एक क्रमांक मिळतो आणि मालकाने आपल्या अर्जात तो भरायचा असतो. हा क्रमांक नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. तो हाती आल्यावर प्रत्यक्ष अर्जाला अर्धा तास पुरला. मंजुरीचे पत्र त्याच आठवड्यात आले: २१,००० युरो, आणि काम पूर्ण करायला ३६ महिन्यांची मुदत.

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. हा या योजनेचा सर्वांत जड भाग आहे आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी तर तोच खरा उंबरा आहे. सगळे काम आधी स्वतःच्या पैशांतून करायचे, बिले चुकती करायची, आणि मग अनुदान खात्यात येते. ज्यांचे उत्पन्न कमी आहे म्हणून त्यांना जास्त टक्के द्यायचे, त्यांनीच आधी ३६,४०० युरो उभे करायचे, यात मला विसंगती दिसते आणि ती दूर व्हावी असे मनापासून वाटते. यावर उपाय म्हणून पूरक कर्जाची सोय आहे: अनुदान मंजूर झालेल्यांना आपल्या नेहमीच्या बँकेमार्फत ते मागता येते, आणि कुटुंबाचे करपात्र उत्पन्न ९०,००० युरोंपर्यंत असेल तर व्याजदर सवलतीचा मिळतो. आमच्या शाखेतल्या माणसाने हे कर्ज यापूर्वी कोणाला दिले नव्हते आणि त्याने आधी बँकेचे स्वतःचे, महागडे कर्ज पुढे केले. मी योजनेची माहिती छापून नेली होती. तिसऱ्या भेटीत काम झाले. १२,००० युरोंचे कर्ज घेतले, बाकीची सोय बचतीतून आणि धाकट्या दिरांकडून सहा महिन्यांच्या बोलीवर केली.

मे महिन्यात पाच दिवसांत काम झाले. त्यातले तीन दिवस गरम पाणी नव्हते, एवढीच गैरसोय. बॉयलर काढून नेल्याची पावती आम्ही आठवणीने मागून घेतली, कारण जुनी व्यवस्था रीतसर काढून तिची विल्हेवाट लावली पाहिजे, ही त्या २० टक्क्यांची अट आहे.

त्यानंतरचे कागद जमवताना वेळ गेला तो अनपेक्षित ठिकाणी. ठेकेदाराने ‘काम झाल्यानंतरची पुष्टी’ दिली, बिले होती, दोन वर्षांची करनिर्धारणाची पत्रे तर फायलीतच होती. शिवाय मालकी दाखवायला जमिनीच्या नोंदवहीचा उतारा आणि आम्ही इथेच राहतो हे दाखवायला नगरपालिकेचा रहिवासाचा दाखला लागला. उताऱ्यावर माझे लग्नाआधीचे आडनाव होते. घर घेतले तेव्हाच्या पासपोर्टवर ते तसेच होते आणि नंतर मी ते बदलले. करनिर्धारणाच्या पत्रावर एक नाव आणि उताऱ्यावर दुसरे, असे झाल्यावर मी विवाहाचा दाखला जर्मन भाषांतरासह सोबत जोडला आणि दोन ओळींचे स्पष्टीकरण लिहिले. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे वारंवार घडू शकते, म्हणून ते आधीच तपासून ठेवावे असे मला आवर्जून सांगायचे आहे. पोर्टलवर ओळखही पटवून द्यावी लागते. ते काम मात्र सहज झाले. ऑगस्टच्या शेवटी २१,००० युरो खात्यात जमा झाले आणि त्याच दिवशी दिरांची रक्कम परत केली. आम्हाला पडलेला खर्च १५,४०० युरो. २०२४ मध्येच घाई केली असती तर तो १९,९०० झाला असता.

रेषेच्या आत राहूनही या रेषेबद्दल मनात एक खंत उरते. ती कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे हलत नाही. एकट्या माणसाला ४०,००० आणि तीन मुले असलेल्या घरालाही ४०,०००. शिवाय ती पायरीसारखी नसून कड्यासारखी आहे: सरासरी ४०,००१ आली तर बोनस थोडा कमी होत नाही, पूर्ण जातो. आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब आहे, नवरा-बायको, दोन मुले आणि सोबत राहणारे सासरे. त्यांची सरासरी ४०,८०० च्या आसपास निघाली. त्यांना मी दुसरे काही सांगू शकले नाही, एवढेच सांगितले की पुढच्या वर्षी एक जुने वर्ष गळून नवे येईल, तेव्हा पुन्हा बेरीज करून पाहा.

गेल्या महिन्यात आमच्या उजव्या हाताच्या घरातल्या बाई आल्या. वय ७८, यजमान जाऊन सहा वर्षे झाली, आणि तळघरात तेलाचा बॉयलर. आमचे युनिट चालू असताना त्या कुंपणाशी कान देऊन उभ्या राहत, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे. त्यांना कोणीतरी सांगितले होते की पेन्शनवर जगणाऱ्यांना यात काही मिळत नाही. मी त्यांना करनिर्धारणाची पत्रे घेऊन यायला सांगितले. २०२६ मध्ये अर्ज करायचा म्हणजे २०२३ आणि २०२४ ची. त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून ती काढली, आणि आम्ही दोघींनी चष्मे लावून ती एक ओळ शोधली. २०२३ ची सापडली: १९,८६०. २०२४ चे पत्र त्या डब्यात नव्हते, म्हणून मंगळवारी त्यांच्या घरी जाऊन कपाट उघडायचे ठरले आहे.